पलीकडच्या गवळ्याचं दूध

दापोडीच्या आमच्या खोलीत आवाजांना तोटा नव्हता. समोर मुंबई-पुण्याचा रस्ता, मागे रेल्वेची लाईन, आणि या दोन्हींच्या मधल्या बोळात एका लांबलचक पत्र्याखाली ओळीने बसवलेल्या आठ खोल्या. खोल्यांच्या मधल्या भिंती छतापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. पुरुषभर उंच जाऊन त्या थांबल्या होत्या आणि वर सगळं मोकळं होतं. शेजारच्या रखमामावशींनी कालवणाला फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा, आणि आमच्याकडे माझा धाकटा भाऊ बाळू शिंकला की मावशी पलीकडून "औक्षवंत हो" म्हणायच्या. सकाळी आधी नळावर हंड्यांची आदळआपट, मग कुठल्या तरी खोलीतलं जातं, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, आणि मग आईच्या भाकरीचा टपटप ताल. अंथरुणात डोळे मिटून पडल्या पडल्या मला घर दिसत असे. आईचा हात त्या परातीत जड पडतोय की हलका, यावरून तिचं मन कसं आहे तेही कळे. आता मी वाकडला मुलाच्या घरी अकराव्या मजल्यावर राहते. खिडक्यांना जाड काचा आहेत, त्या लावल्या की खालचा रस्ता चित्रासारखा मुका होतो. सून म्हणते, "आई, किती शांत आहे ना?" मी हो म्हणते, आणि ती कामाला गेली की एक काच सरकवून ठेवते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, लाईनीपलीकडच्या गाड्यांच्या वर्कशॉपात पत्र्याच्या कामावर होते. मोठमोठ्या मोटारींच्या सांगाड्यावर पत्रे चढवायचे आणि ते रिबीट ठोकून पक्के करायचे, हे त्यांचं काम. साताऱ्याकडून, कोरेगावच्या बाजूच्या खेड्यातून, ते एकटेच आले होते आणि आधी कधी हातात हातोडा न धरलेला हा माणूस चार-पाच वर्षांत त्या खात्यातला नावाजलेला कारागीर झाला होता. नावाजलेला झाला तो कानामुळे. रिबीट नीट बसलं की नाही हे त्यांना ठोक्याच्या आवाजावरून कळायचं. दुसऱ्याने ठोकलेल्या रिबिटांच्या रांगेवरून ते हातोडीचं टोक हलकेच टकटकत नेत आणि मध्येच थांबून म्हणत, "ह्ये काढा. पोकळ बोलतंय." काढून बघितलं की खरंच ते सैल असे. घरीसुद्धा मडकं घेताना, नारळ घेताना, आई ते अण्णांच्या कानाशी नेऊन वाजवायची आणि ते मान हलवतील तेच घ्यायची.

बाळू झाला त्यानंतर कधीतरी आमच्या घरातलं बोलणं आटत गेलं. कधी ते सांगता येत नाही. अशा गोष्टी एका दिवसात होत नाहीत. आई हाक मारायची आणि अण्णा उत्तर द्यायचे नाहीत. ती काही विचारायची, ते भलतंच काही बोलायचे किंवा नुसतेच "हं" म्हणायचे. आईला वाटलं, मुलगा झाल्यावर माणूस बदलला, आपल्यावर रागावला. तिने दोन-चार वेळा विचारून बघितलं आणि मग तीही मानी, तिने बोलणं सोडलं. जेवताना ताटावर भाकरी आपटल्यासारखी पडे. अण्णा खाली मान घालून कालवणात भाकरी कुस्करत. मी दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघे. भिंतींना वरून मोकळं असल्यामुळे भांडणंही उघड करायची सोय नव्हती, आणि न भांडलेलं भांडण घरात किती जागा व्यापतं ते मी तेराव्या वर्षी शिकले. मी शाळेतून येताना बोळाच्या तोंडाशी थांबून आधी कानोसा घ्यायची आणि मगच उंबऱ्यात पाय टाकायची.

एका रविवारी आई नळावर गेली होती आणि मी तिच्या मदतीला. येताना बोळातूनच बाळूचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हतं, श्वास अडकून अडकून ओरडत होता. आईने हंडा तिथेच टेकवला आणि पळत सुटली. आम्ही दारात पोचलो तेव्हा अण्णा पायरीकडे तोंड करून बसले होते, मांडीत चप्पल, हातात दाभण, चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर बाळू गोधडीवर लालेलाल होऊन तडफडत होता. त्याच्या मानेला आणि दंडाला लाल मुंग्या डसल्या होत्या. आईने त्याला उचललं, अंगावरच्या मुंग्या झटकल्या, आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदम तिच्या तोंडून बाहेर पडलं. "माणूस हायसा का कोण? पोर मरंल का तुमच्या पाठीमागं, मान तरी वळवायची!"

अण्णांनी मान वळवली ती आमची सावली पडली म्हणून. त्यांनी आईकडे पाहिलं, बाळूकडे पाहिलं. बाळूच्या उघड्या तोंडाकडे ते पाहतच राहिले. तो चेहरा मी विसरलेले नाही. खोटं पकडलं गेल्यावर माणसाचा होतो तसा तो चेहरा होता. मग ते उठले, चप्पल तशीच टाकून बाहेर गेले आणि दिवेलागणीपर्यंत आले नाहीत.

आई बाळूच्या अंगाला चुना लावत बसली होती. लावता लावता तिचा हात थांबला. ती बराच वेळ त्या शिवायच्या चपलेकडे बघत होती. मग तिने मला जवळ ओढलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून, रखमामावशींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "वच्छे, त्यास्नी ऐकूच येत न्हाई गं."

एकदा हे कळल्यावर मग मला सगळीकडे तेच दिसू लागलं. अण्णा हल्ली नेहमी भिंतीला पाठ लावून बसत, म्हणजे मागून कुणी बोलायला नको. कंदील अशा बेताने सरकवत की समोरच्याच्या तोंडावर उजेड पडावा. चार माणसांत हसायची वेळ आली की ते सगळ्यांनंतर हसत, जरा घाईने. वर्कशॉपचा भोंगा वाजायच्या सुमाराला ते दारात उभे राहून रस्त्याकडे बघत असत. मला वाटायचं हवा खात असतील, पण ते बाकीचे कामगार निघाले की नाहीत ते बघत. पूर्वी अंघोळ करताना ते अभंग गुणगुणत, तो केव्हाचा बंद झाला होता आणि आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना अगदीच काही ऐकू येत नव्हतं असं नाही. कानाशी ओरडलं, दार आपटलं, तर कळे. पण रोज ज्याला बोलणं म्हणतात ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. वर्षानुवर्षं पत्र्याच्या पोकळ सांगाड्यात बसून घण ऐकले होते, त्या घणांनीच कान खाऊन टाकले.

हे कुणाला सांगायचं नव्हतं. का, ते मला कुणी समजावलं नाही आणि मला विचारावंही लागलं नाही. ज्या माणसाचं नाव कानावर झालं, त्याला बहिरा म्हणणार आणि घरी बसवणार. मग पुन्हा गाव, पुन्हा चुलत्यांच्या दारात उभं राहणं. आणि यातली सगळ्यात विचित्र अडचण अशी, की बहिऱ्या माणसाशी गुपित बोलता येत नाही. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललं तर आठही खोल्यांना ऐकू जाणार, आणि आठ खोल्यांना कळू नये म्हणून हळू बोललं तर त्याला कळणार नाही. म्हणून आईने आपल्याला कळलंय हे अण्णांना सांगितलंच नाही. अण्णांनीही विचारलं नाही. पूर्वी राग होता म्हणून घर गप्प होतं, आता राग गेला तरी गप्पच राहिलं.

खरी भीती लाईनीची होती. आमच्या बोळामागून वर्कशॉपकडे जायला पायवाट होती, ती सरळ रुळांवरून जायची. फाटक लांब, पूल स्टेशनात. सगळे कामगार पायवाटेनेच जात. आमच्या भागात तेव्हाही विजेची इंजिनं होती. कोळशाच्या गाडीचा धूर लांबून दिसतो, जमीन आधीच हादरायला लागते. विजेची गाडी तशी नाही. ती शिट्टी देते, आणि ज्याला शिट्टी ऐकू येते त्याच्यासाठी ती येते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आईने अण्णांच्या समोर येऊन, तोंड नीट उघडून उघडून सांगितलं, "आजपास्नं दूध पलीकडच्या गवळ्याकडनं आणायचं. ह्या गवळ्याचं पाणचट हाय. वच्छी येईल तुमच्यासंगं, लाईन वलांडून द्या तिला." आणि माझ्या हातात पितळेची किटली दिली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं आणि "चल" म्हणाले.

आमच्या बाजूचा गवळी चांगला होता. पलीकडच्याचंच दूध पाणचट होतं. पाच-सहा महिने आम्ही ते पाणचट दूध प्यायलो आणि कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही.

रोजचा क्रम ठरून गेला. मी त्यांच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल पुढे चालायची. रुळांच्या अलीकडे थांबायची, दोन्हीकडे बघायची, कान द्यायची. मी थांबले की ते थांबत. मी पाऊल टाकलं की ते टाकत. त्यांनी कधी माझ्याकडे मान वळवून विचारलं नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते माझे पाय बघत असत हे मला ठाऊक होतं. लोकांना दिसायचं की बाप मुलीला जपून नेतोय. पलीकडे पोचलो की मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून दूध, पैसे, डबा असं कामापुरतं हळूच बोलायची आणि परत फिरायची. शाळेत माझ्या बरोबरीच्या मुली सकाळी वेण्या घालून घेत गप्पा मारत येत. मी धावतपळत, किटली घरी टाकून, घाम पुसत पोचायची. कधी कधी मला इतका राग यायचा की मनात येई, एक दिवस नाही गेलं तर काय होईल? आणि हा विचार आला की मी किटली उचलून निघायची, कारण काय होईल ते मला दिसायचं. वर्गात बसल्यावर गाडी गेल्याचा आवाज आला की मी पेन्सिल धरून थांबायची. गाडी न थांबता पुढे गेली की लिहायला लागायची.

संध्याकाळची काळजी करीमचाचांनी घेतली होती. ते अण्णांच्याच खात्यात, अण्णांच्या रिबिटाला मागून टेका देणारे. इथलेच, जुन्या गावठाणातले, राहायला वर्कशॉपच्या बाजूलाच. सुट्टी झाली की त्यांनी घरी जायचं, तर ते अण्णांबरोबर लाईन ओलांडून आमच्या बाजूला येत आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून तंबाखूची पुडी घेऊन परत जात. रोज. एकदा सकाळी पलीकडे गवळ्यापाशी ते भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं, "चाचा, तुमच्या बाजूला तंबाखू मिळत नाही का?" त्यांनी माझ्या हातातल्या दुधाच्या किटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या बाजूला दूध मिळत नाही का?" मग दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि वर्कशॉपात डॉक्टरी होणार अशी बातमी आली. सगळ्यांचे डोळे, छाती आणि कान तपासणार होते. करीमचाचा एका संध्याकाळी मुद्दाम आमच्या पायरीवर येऊन बसले. रखमामावशी बाजाराला गेल्या आहेत हे बघून, अण्णांच्या तोंडासमोर तोंड आणून, हाताने खुणा करत त्यांनी सांगितलं की डॉक्टर पाठीमागे उभा राहतो आणि हळूच आकडे बोलतो, ते आपण परत म्हणायचे. "मी समोरच्या खिडकीत उभा राहतो. तो बोलेल तेवढी बोटं मी दाखवतो. राव, तू फक्त बोटं बघ." अण्णांनी मान हलवली. अण्णांना ऐकू येत नाही हे करीमचाचांना माहीत आहे, हे त्या दोघांनी त्या दिवशी पहिल्यांदाच लपवलं नाही. पण आई आणि मी आत आहोत, आम्हालाही कळतंय, हे अण्णांनी मनावर घेतलं नाही, किंवा त्यांना घ्यायचं नव्हतं.

आईला ती बोटांची युक्ती पसंत नव्हती. डॉक्टरीच्या दिवशी सकाळी तिने भाकऱ्या थापल्या त्यातली एकही धड उतरली नाही. शेवटी ती पिठाचे हात घेऊन माझ्याकडे आली आणि कानात म्हणाली, "पाटी आण. लिही." तिला लिहिता येत नव्हतं. अण्णा चौथी शिकलेले. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ती सांगेल तसं. आज साहेबांना खरं सांगा. आम्हाला ठाऊक आहे.

पाटी तिने स्वतः नेऊन त्यांच्यासमोर धरली. अण्णा पागोटं बांधत होते. त्यांनी वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा. मग पूर्ण पंजाने ती अक्षरं पुसून टाकली, पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि डबा न घेता बाहेर पडले. माझ्यासाठी थांबले नाहीत.

"पळ," आई म्हणाली. ती हळू बोलायची विसरली होती. "वच्छे, पळ!"

मी किटली घेऊन धावले. किटली का घेतली ते माहीत नाही, सवयीने हात गेला. अण्णा रागाने चालत होते, पाठ ताठ, पाऊल लांब. बोळ संपला तेव्हा ते पायवाटेला लागले होते. अलीकडच्या रुळावरून मालगाडी चालली होती, मुंबईच्या दिशेने, न संपणारी. ते थांबले. बरं वाटलं मला. मी धापा टाकत चालू लागले. शेवटचा गार्डाचा डबा गेला, गार्ड हिरवं निशाण गुंडाळत होता, आणि अण्णांनी पाऊल टाकलं. अलीकडचे रूळ ओलांडून ते दोन लाईनींच्या मध्ये गेले. त्याच वेळी मला शिट्टी ऐकू आली. मालगाडीच्या पलीकडून, तिच्या आडून, पलीकडच्या रुळावर पुण्याकडे येणारी गाडी होती. मालगाडीच्या खडखडाटात ती शिट्टी बारीक वाटत होती, पण होती. पायवाटेवरचे बाकीचे कामगार जागच्या जागी उभे राहिले. अण्णा चालत होते.

मी ओरडले. माझ्या आयुष्यात मी तेवढ्या जोराने कधी ओरडले नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, फक्त ज्यांना ओरडले त्यांनी नाही. मी खडीवरून धावले, पाय सटकत होते, आणि हातात जे होतं ते मी फेकलं. किटली त्यांच्या खांद्याच्या खाली पाठीत बसली. ते गर्रकन वळले. डोळ्यांत अंगार होता. पोरीने बापाला मारलं, भर रस्त्यात, चार माणसांसमोर. हात उगारून ते माझ्या दिशेने दोन पावलं परत आले, आणि त्यांच्या पाठीमागून गाडी गेली.

वाऱ्याने त्यांचा सदरा पुढे उडाला. पागोट्याचा शेमला तोंडावर आला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना बघायची गरज नव्हती, पाठीला कळलं होतं. उगारलेला हात तसाच होता आणि डब्यामागून डबा जात होता. गाडी संपल्यावर त्यांनी हात खाली घेतला.

कामगार गोळा झाले, कुणी काही बोललं, कुणी पाणी आणलं. अण्णांनी मला धरून लाईनीच्या कडेला खडीच्या ढिगावर बसवलं आणि स्वतः बाजूला बसले. लोक पांगल्यावर ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई, वच्छे."

एवढंच वाक्य. मी मान हलवली.

"तुझ्या आईला कवापासनं ठाव हाय?"

"मुंग्या चावल्या तेव्हापासनं," मी म्हणाले. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांना कळलं. मी मोठ्याने बोललेच नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके महिने रोज त्यांच्या तोंडासमोर उभं राहून बोलणारी मी एकटीच होते, आणि माझं बोलणं त्यांना डोळ्यांनी येऊ लागलं होतं.

ते उठले. "चल माझ्यासंगं. साहेब बोलतील त्ये तू माझ्याकडं बघून म्हण. आवाज करू नगंस. नुसतं व्हट हालीव."

वर्कशॉपात मी पहिल्यांदाच गेले. साहेबांच्या खोलीत टेबलाशी साहेब, बाजूला डॉक्टर. बाहेर खिडकीपाशी करीमचाचा बोटं तयार ठेवून उभे. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. अण्णा पागोटं काढून उभे राहिले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "साहेब, तपासू नगा. मला ऐकू येत न्हाई. दीड-दोन वरीस झालं." त्यांचा आवाज फार मोठा लागला, खोलीत घुमला. साहेब दचकले.

मग प्रश्न सुरू झाले. साहेब पुण्याचे, तरुण, सावकाश बोलणारे. ते विचारत, मी अण्णांकडे बघून ओठ हलवी, अण्णा उत्तर देत. घाव कसा घालता? शेजारच्याशी कसं बोलता? क्रेन येते तेव्हा? पाच-सहा प्रश्न झाल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की मध्ये एक मुलगी उभी आहे आणि तिचा आवाज येत नाहीये. ते विचारायचं थांबून आम्हा दोघांकडे बघत राहिले. डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "माणूस चांगला दिसतो, पण घरी बसवावं लागेल. क्रेनखाली एक दिवस जीव जाईल." ते कठोरपणाने म्हणाले नाहीत. खरं तेच म्हणाले.

माझे ओठ हलले नाहीत.

"काय म्हणले?" अण्णांनी विचारलं. "वच्छे, काय म्हणले?" मी दात दाबून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मी तोंड उघडलं नाही. मला वाटत होतं, मी जोवर सांगत नाही तोवर ते झालेलं नाही.

अण्णा साहेबांकडे वळले. "पोरगी सांगंना, म्हंजी कळलं, साहेब." आणि पागोटं डोक्यावर ठेवायला लागले.

"थांबा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "विचार त्यांना, रिबीट सोडून दुसरं काय येतं?"

मी विचारलं. अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "कान गेलं," ते म्हणाले. "हात हायती, डोळं हायती. द्याल त्ये शिकीन."

त्यांना रंगखात्यात पाठवलं. तिथे क्रेन नव्हती. रंग द्यायच्या आधी गाडीचा पत्रा काचकागदाने घासून घासून गुळगुळीत करायचा, नवशिके पोरगे करत ते काम. नाव असलेल्या माणसाला ते खाली मान घालायला लावणारंच होतं. पहिले काही महिने त्यांना जड गेले. पण नोकरी संपेपर्यंत ते तिथेच राहिले. त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा करीमचाचा अण्णांवर भडकले, "अरे राव, सकाळपासून बोटं धरून उभा आहे मी!" आणि मग एकदम त्यांना मिठी मारून रडायला लागले. अण्णांनी त्यांना विचारलं, "तू तंबाकू खातोस का रं?" करीमचाचांनी डोळे पुसत मान नकारार्थी हलवली.

त्या संध्याकाळी अण्णा घरी आले, हातपाय धुतले, आणि भिंतीला पाठ न लावता चुलीसमोर, आईकडे तोंड करून बसले. आईला मी सगळं आधीच सांगितलं होतं. तिने ताट वाढलं, हुलग्याचं माडगं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मग ती उभी राहिली, पदर खोचला, आणि छताकडे, त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघून, पूर्ण आवाजात ओरडली, "भाकरी गरम वाढू का?"

आठही खोल्या गप्प झाल्या. रखमामावशींचं जातं थांबलं.

"वाढ," अण्णा म्हणाले.

आणि मग आई बोलतच सुटली. ओरडत, हसत, मध्येच डोळ्यांना पदर लावत, ती गेल्या कित्येक महिन्यांचं सगळं सांगत होती. तुमच्या भैणीला मुलगी झाली, पत्र आलं हुतं! कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड तोडलं! वच्छीचा गणितात पहिला लंबर आला! गवळ्याचं दूध लई पाणचट हाय, उद्यापास्नं बंद! मोठमोठ्याने ओरडून सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, म्हणूनच ते इतके दिवस राहून गेलं होतं. भिंतीपलीकडून मावशी हळूच म्हणाल्या, "सांग बाई, सांग." अण्णा घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. कळलं नाही की मान तिरकी करत, ती परत सांगे. माणसं साध्या साध्या गोष्टींशिवाय किती उपाशी राहू शकतात, ते मी त्या चुलीपाशी पाहिलं.

"आन् बाळू बोलाय लागला!" आई म्हणाली. "तुमास्नीच हाक मारतुया!"

अण्णांचा घास खाली आला. "कवापास्नं?"

आई अडखळली. मग खरं तेच बोलली. "नवरात्रापास्नं."

अण्णांनी ताट सरकवलं. बाळू गोधडीवर बसून चमच्याशी खेळत होता, त्याला उचलून मांडीवर, आपल्याकडे तोंड करून बसवलं. "म्हण," ते म्हणाले. बाळू त्यांच्या मिशीकडे बघत राहिला. "म्हण की." सांगून कुठलं मूल बोलतं? त्याने चमचा चोखला, खाली टाकला, त्याच्याकडे वाकून बघितलं. आईने, मी, मावशींनी भिंतीपलीकडून, सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो बोलला नाही. अण्णांनी हसून मान हलवली आणि त्याला तसाच मांडीवर ठेवून ताट पुढे ओढलं.

अर्धी भाकरी झाली असेल. बाळूला चमचा हवा होता. त्याने अण्णांच्या हनुवटीला दोन्ही हात लावून तोंड वर केलं आणि म्हणाला, "अन्ना."

अण्णांनी ते ओठ पाहिले.

"ओ," अण्णा म्हणाले.